म्होरक्याच्या रकान्यातलं नाव

म्हाळू, तू आम्हा चौघांना फसवलंस. दोन वर्षं, भर बाजारात, रुमालाखाली. त्यातही मला फसवलंस याचा राग जास्त आहे, कारण रुमालाखालची बोटं ओळखणं हा माझा धंदा आहे. गेली पंधरा वर्षं मी बैलांच्या बाजारात दलाली करतो. लोहाऱ्यापासून धाराशिवापर्यंत बैल विकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचार, किसनला कुणी अर्ध्या बोटानं तरी बनवलंय का. तू बनवलंस. आणि ते मला कळलं कधी, तर तुझ्या दहाव्याला, जेव्हा तुझी गचांडी धरायची सोय उरली नव्हती.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहितो. हे तुझा बापू वाचणार आहे. तो सोळा वर्षांचा झाला. आपण जे केलं ते याच वयात केलं.

हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. निजामाचा अंमल गेला होता, नवा अजून नीट बसला नव्हता, आणि बाजारात आपल्यासारखी पोरं मोकाट होती. माझा बाप आधीच गेलेला, आई बाजार उठल्यावर शेण गोळा करायची. तू मेंढरं आज्यावर सोपवून माकणीहून चालत यायचास. दत्तू, इमाम, गुंडू हे बाजाराच्या आसपासचेच. लांबून बैल घेऊन आलेला माणूस भाकरी खायला ओढ्यावर गेला की आपण त्याचं जनावर राखायचो. तो जाताना मूठभर शेंगा द्यायचा, कुणी गुळाचा खडा. एवढंच होतं.

मग गुंडूनं बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा मनगटाला बांधला, आणि पुढच्या बाजाराला आपण पाचही जणांनी बांधला. महिन्याभरात लोक म्हणायला लागले, गोंडेवाले आले. आपण न मागता शेंगा पुढं यायला लागल्या. राखण केली नाही तरी यायला लागल्या. एका बाजाराला एका मिशीवाल्या पाटलानं माझ्याकडं बघून नजर खाली घातली. मी शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईचं पोर. ती खाली गेलेली नजर मला गुळापेक्षा गोड लागली. आज लिहायला लाज वाटते, पण लागली.

मग प्रश्न आला, कुणी नाहीच दिलं तर काय करायचं. मी म्हणायचो, दावं कापायचं. बैल एकदा उधळला की मालक दिवसभर त्याच्यामागं धावतो आणि पुढच्या खेपेला आपणहून देतो. यावरून आपली भांडणं व्हायची. नको म्हणणाऱ्याला बाकीचे भित्रा म्हणून चिडवायचे, म्हणून नको म्हणायला कुणी धजायचं नाही. तेव्हा तू तोड काढलीस.

"दलाल कसं करत्यात? रुमालाखाली बोटं धरत्यात. कुनी काय म्हनलं ते तिसऱ्याला कळत न्हाय. आपुनबी तसंच करू. एक बोट दाबलं तर सोडून द्यायचं, दोन दाबली तर धरायचं, म्हंजी दावं कापायचं. मोजायचं काम माजं."

"तुझंच का?" मी विचारलं.

"तुज्या हातात रुमाल दिला तर तू आमची बोटंबी इकशील."

सगळे हसले आणि रुमाल तुझ्याकडं गेला.

त्यानंतर दर बाजाराला आपण ओढ्याच्या काठी गोल बसायचो. तू एकेकाचा हात रुमालाखाली घ्यायचास, डोळे मिटून, गाभण मेंढीचं पोट चाचपावं तसा. मग डोळे उघडून म्हणायचास, "सोडा." दर वेळी सोडा. नवऱ्यामागं राहिलेला एकुलता बैल विकायला आलेली ती विधवा, सोडा. निलंग्याचा तो उर्मट व्यापारी, ज्यानं इमामला हाकलून लावलं होतं, तोसुद्धा सोडा. मी दर वेळी दोन बोटं दाबायचो, जोर लावून. आणि दर वेळी मनात म्हणायचो, ही चौघं मऊ आहेत, छातीचा काय तो मी एकटाच. ते वाटणं मला पुढं धंद्यात फार उपयोगी पडलं. समोरचा माणूस आपल्यापेक्षा मऊ आहे असं धरून चालणाऱ्याला चांगला भाव मिळतो.

तुझ्या दहाव्याला जेवणं झाल्यावर आम्ही चौघं तुझ्या घरासमोरच्या लिंबाखाली, तुझ्याच घोंगडीवर बसलो होतो. दत्तू आता शाळामास्तर आहे, इमामचं धाराशिवला शिलाईचं दुकान आहे, गुंडू एसटीवर ड्रायव्हर. एकत्र असे कितीतरी वर्षांनी बसलो. बोलता बोलता विषय निलंग्याच्या व्यापाऱ्यावर गेला.

"तवा मला तुमचा समद्यांचा लई राग आला हुता," गुंडू म्हणाला. "म्या दोन दाबली आन तुमी कच खाल्ली."

"कुणी खाल्ली?" इमाम म्हणाला. "मेरी भी दोन थी. त्यानं मलाच तर हाकललं होतं."

दत्तू पानाला चुना लावत होता. त्याचा हात थांबला. "माझीपण दोनच होती."

माझी किती होती हे कुणी विचारलं नाही. चौघांची दोन, आणि तू म्हणालास सोडा. मग आम्ही एकेक प्रसंग काढत गेलो. विधवेच्या वेळी इमामचं एक होतं, बाकी तिघांची दोन, तरी तू सोडा म्हणालास. घोड्यावरून आलेल्या त्या सावकाराच्या कारकुनाच्या वेळी चौघांची दोन, तरी सोडा. एकदाही तू खरं सांगितलं नव्हतंस. आम्ही टोळी म्हणून फिरत होतो आणि टोळीचं म्हणणं काय, हे टोळीला दोन वर्षं कळलंच नव्हतं.

"धनगरानं आपल्याला मेंढरागत हाकललं की रं," गुंडू म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. माझं मात्र डोकं फिरलं. मी तिथंच, सगळ्या पाहुण्यांदेखत, तुला शिव्या द्यायला लागलो. दत्तू माझा हात ओढत होता. सुंदरावहिनी दारात उभ्या होत्या.

"देऊ द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "भाऊजींच्या शिव्या ऐकल्याबिगर ह्यांना बाजार करून आल्यागत वाटत नव्हतं."

मी शिव्या आवरल्या. आणि मग दत्तूनं ते काढलं, जे कुणी काढू नये म्हणून मी सतरा वर्षं जपत होतो.

"किसन, त्या कानडी म्हाताऱ्याच्या वेळी म्हाळू नव्हता. रुमाल तुझ्या हातात होता. मी एक दाबलं होतं."

"मीही एकच," इमाम म्हणाला.

 गुंडूनं नुसतं एक बोट वर केलं.

बापू, हे नीट वाच. त्या बाजाराला तुझा बाप मेंढरं घेऊन डोंगराकडं गेला होता. हद्दीपलीकडून एक म्हातारा एकच बैल घेऊन आला होता. मराठी मोडकं बोलायचा. मी राखणीच्या शेंगा मागितल्या तर म्हणाला, "बैल माझा, डोळे माझे. तू काय राखतो?" आणि हसला. वाईट हसला नाही, आजोबा नातवाला हसेल तसा हसला. पण आजूबाजूचे चार लोकही हसले, आणि मला वाटलं, आता कुणी नजर खाली घालणार नाही. मी रुमाल काढला. तीन हात आले, तिघांनी एकेकच बोट दाबलं, तेही घाम सुटलेलं. मी म्हणालो, "धरा." दावं मीच कापलं.

बैल उधळला तो ओढ्यातल्या धोंड्यांत शिरला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. म्हातारा पाण्यात बसला. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी कानडीत बोलत राहिला. आमच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मला कानडी कळत नव्हतं, तरी ते कानावर पडू नये म्हणून मी पळालो.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की ही तिघं नेहमीसारखीच कचरली, कुणीतरी घट्ट व्हायलाच हवं होतं. परवा लिंबाखाली कळलं की म्हाळूच्या हातात हीच पोरं खुशाल दोन बोटं दाबत होती. त्याच्याजवळ शूर व्हायला भीती नव्हती. तो सोडा म्हणणार, हे त्यांच्या आतल्या आत कुठंतरी बसलेलं होतं. माझ्याजवळ कुणाचीच हिंमत झाली नाही. ती पोरं मला चांगली ओळखत होती.

म्हाळू, पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते कधी कुणाजवळ बोलला नाहीस, म्हणून तेही लिहितो. जमादारानं आम्हा चौघांना धरून बसवलं. त्याच्याजवळ नवं रजिस्टर होतं, त्यात रकाने होते. टोळीचं नाव. माणसं. खूण. म्होरक्या. नाव बाजारानं आधीच दिलं होतं, खूण आमच्या मनगटावर होती. शेवटचा रकाना रिकामा राहिला.

"म्होरक्या कोन?"

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. खरंच कुणी नव्हता.

"म्होरक्याबिगर टोळी नसती," जमादार म्हणाला. "नाव मिळंपतुर बसा हितंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडी. म्हणालास, "म्होरक्या म्या हाय."

"तू तर बाजारातच नव्हतास."

"नसलो म्हनून काय झालं? माज्या सांगन्याबिगर ही पोरं दावं कापत न्हाईत. इचारा त्यांना."

जमादारानं विचारलं. आम्ही चौघांनी माना डोलावल्या. सगळ्यात आधी मी.

आम्हाला दम देऊन सोडलं. तू सहा महिने आत राहिलास आणि बाहेर आल्यावर दर बाजाराला ठाण्यात हजेरी. सतरा वर्षं, ऊन असो की पाऊस, मेंढरं कुठंही बसलेली असोत, सोमवारी चालत यायचास, अंगठा उठवायचास आणि माझ्याजवळ येऊन बसायचास. मी चहा मागवायचो. तू बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायचास आणि आपलं तेच भांडण पुन्हा सुरू व्हायचं.

"आपण टोळी होतो की नव्हतो?" मी विचारायचो.

"तुला काय वाटतं?"

"लोक ज्याला भितात ती टोळी. आपल्याला भीत होते."

"लोक तुज्या तोंडालाबी भित्यात. मग तू एकटाच टोळी हाईस का?"

"बरं, मग तू सांग."

"मेंढरं बघ," तू म्हणायचास. "नाला आला की पयलं मेंढरू कशापाई उडी मारतं ते मागच्याला ठावं नसतं. ते म्होरल्याचं शेपूट बघतं आन उडी मारतं. त्याला वाटतं म्होरल्याला ठावं आसंल. म्होरल्याला वाटतं, मागून रेटत्यात म्हणजे त्यास्नी जायचंच आसंल. तशी पोरं जमली की टोळी. एकानं जरी थांबून इचारलं, बाबांनो, कुनाला खरंच जायचंय का, तर निम्मी घरी जात्यात."

"मग विचारायचं कुणी?"

"त्येच तर," म्हणून तू बशी खाली ठेवायचास आणि विषय बैलांवर न्यायचास.

मला वाटायचं तू मेंढरांबद्दल बोलतोयस. मी तुला अडाणी म्हणायचो. एकदा तर मी म्हणालो, "टोळी म्हणजे काय हे त्या जमादाराला बरोबर ठाऊक होतं, नाव, खूण आणि म्होरक्या." तू माझ्याकडं इतका वेळ पाहिलंस की मीच चहावाल्या पोराला उगाच हाक मारली. तेव्हा तू बोलायला हवं होतंस. रुमाल माझ्या हातात होता आणि तरी दावं कापलं गेलं, यावरून तुला सगळं कळलेलं होतं. तू मला कधी विचारलं नाहीस. मी कधी सांगितलं नाही. सतरा वर्षांत किती सोमवार होतात, आणि त्यातल्या एकाही सोमवारी आपण ते एक वाक्य बोललो नाही. सौदा अडला की मी तासन् तास बोलू शकतो. तुझ्यापुढं मला एवढंही जमलं नाही.

वहिनींनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं. दर उन्हाळ्यात तू मेंढरं हद्दीपलीकडं न्यायचास, दोन दिवसांची चाल. मला सांगायचास, तिकडं चारा बरा असतो. चारा काही बरा नसतो, मी तो भाग पाहिलाय. तू त्या म्हाताऱ्याच्या रानात मेंढरं बसवायचास, खतासाठी. रात्रीमागं जे धान्य धनगराला मिळतं, ते तू त्याच्याकडून कधी घेतलं नाहीस. म्हातारा गेल्यावर त्याच्या लेकाच्या रानातही तसंच. हे प्रायश्चित्त माझं होतं, म्हाळू. तू तेही उचललंस, आणि मला न विचारता. या गोष्टीचा राग मला शिव्या देऊनही काढता येत नाही. रात्रभर तुझी मेंढरं त्या रानात बसलेली मला दिसतात, आणि माझं तोंड बंद होतं.

आता शेवटचं. आम्ही लिंबाखालीच होतो तेव्हा ठाण्याचा शिपाई सायकलवरून आला. नवा पोरगा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. म्हाळू धनगर गेल्या बाजाराला हजेरीला आला नाही, म्हणून चौकशीला आला होता. समोर काय चाललंय ते बघून बिचाऱ्यानं टोपी काढली आणि वहिनींना हात जोडले. पण जाताना म्हणाला, "मावशी, नाव कमी करून घेऊ आपण. फकस्त, घरात मोठा मुलगा कोन हाय? सायबांनी सांगितलंय, त्याला सोमवारी घेऊन या. नाव टिपून घ्यायचंय. दुसरं काय न्हाय."

वहिनी खरकटी भांडी गोळा करत होत्या. त्यांच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. बापू मांडवाच्या बांबूला टेकून उभा होता. तो म्हणाला, "येतो."

तुझाच आवाज. तसाच, कुणी विचारायच्या आत.

सोमवारी मी बापूला घेऊन ठाण्यात गेलो. पूर्वी ज्यांना आपण अमीनसाहेब म्हणायचो त्या जागी आता फौजदार असतात. भला माणूस वाटला. मला खुर्ची दिली, बापूला उभं ठेवलं. मी खुर्ची बापूला दिली आणि बाकावर बसलो. मग सांगितलं. दावं कुणी कापलं, रुमाल कुणाच्या हातात होता, कोण किती बोटं दाबत होतं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा भाव पाडायला बसलो होतो, आणि समोरचा माणूस तो पडू देईना.

"शेट, बाजारात तुमचं नाव आहे," फौजदार म्हणाले. "परवाना आहे. कशाला जुनं उकरता?"

"नाव आहे म्हणूनच सांगतोय. लिहून घ्या."

"त्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झालीय. माणूसही गेला."

"शिक्षा भोगली ती चुकीच्या माणसानं."

"तसं रजिस्टरात नाही."

"तेच बदलायला आलोय. आणि या पोराचं नाव त्यात का?"

"पद्धत आहे. म्होरक्याच्या घरावर लक्ष ठेवायचं. नुसतं नाव असतं, त्रास कुणी देत नाही."

म्हाळू, सतरा वर्षं पायपीट करणाऱ्या माणसाच्या पोरापुढं तो हे बोलला. मी उठलो आणि टेबलावर हात आपटला. बापूनं माझी बाही धरली. "काका, बसा," म्हणाला. मी बसलो. तुझ्या पोराचं ऐकायला मला जड गेलं नाही.

शेवटी त्यांनी अर्ज द्या म्हणून सांगितलं. दत्तूनं सुंदर अक्षरात लिहून दिला. खाली माझी सही, त्याखाली दत्तू, इमाम आणि गुंडूची. बाजार समितीला कळलं, आणि माझ्या परवान्याचं काय करायचं यावर त्यांची बैठक आहे. करोत काय करायचं ते. माझ्या खोटेपणाचं उत्तर मी दिलंय, सहीनिशी दिलंय, आणि लागेल तितक्या वेळा देईन.

पण माझ्या एकट्याच्या उत्तरानं हे मिटत नाही. मी खोटी मान डोलावली, तरी ती खरी धरणारा कुणीतरी होता. जो माणूस बाजारात नव्हता त्याला म्होरक्या लिहिणारा कुणीतरी होता, कारण त्याला एक रकाना भरायचा होता. त्यानंतर दर सोमवारी त्याचा अंगठा उठवून घेणारे कितीतरी होते, आणि एकालाही वाटलं नाही की याला विचारावं, बाबा, तू काय केलंस. आणि आता सोळा वर्षांच्या पोराचं नाव त्याच रजिस्टरात घालायला निघालेला कुणीतरी आहे. मी रोज ठाण्यात जातो. रोज विचारतो, कोण. रोज मला सांगतात, वरून आहे. वर कोण आहे, त्याचं नाव मला पाहिजे. म्हाळूच्या सतरा वर्षांचं उत्तर त्यानं द्यावं, बापूचं नाव कुठल्या गुन्ह्यासाठी लिहिणार ते त्यानं सांगावं. तोंडी चालणार नाही. मला ते लेखी पाहिजे, आणि खाली त्याची सही पाहिजे.